खुंटाची फूट



घसा गेला आणि माझे कीर्तन सुटले, त्याला आता सात वर्षे झाली. मागे टाळकऱ्यांनी चाल धरावी, मृदंग लागावा आणि आपला आवाज अभंगाच्या दुसऱ्या चरणापर्यंतही पोचू नये, असे एका वर्षात तीन सप्ताहांत घडले. मग मीच तारखा घेणे बंद केले. तेव्हापासून माझी सकाळ हरिपाठ झाला की अंगणात जाते. अंगणात गुलाबाची अकरा झुडपे आहेत. सात गावठी, चार कलमी.

भेटायला येणारे वारकरी तुळशीवृंदावनाला नमस्कार करतात, मग गुलाबांकडे वळून हसतात. "महाराज, आपल्या विठोबाला तुळस पुरते. हा थाट कशाला?" एकाने तर विचारले, "म्हातारपणी शौक सुचला का?" मी हसून वेळ मारून नेतो. पण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बोलून सांगण्याइतका दम आता घशात नाही, म्हणून लिहितो. वाचक माउलींनी ते पदरात घ्यावे.

आधी झाडांविषयी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे.

आमचे गाव माढा तालुक्यातले. जमीन काळी. काळ्या जमिनीत ज्वारी हसते आणि गुलाब रडतो, कारण त्याला मुळाशी पाणी साचलेले मुळीच खपत नाही. म्हणून मी दीड हात खोल खड्डे घेऊन तळाशी मुरूम आणि विटांचे तुकडे घातले, वर माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत. दिवसातून सहा तास तरी ऊन लागेल अशी जागा निवडली. शेणखत कच्चे घालू नये, त्याने हुमणी येते. ही अक्कल मला एक झाड गमावून आली.

गावठी गुलाब हे खरे झुडूप. त्याला काडीपासूनच वाढवतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, चार डोळे असलेली काडी घ्यायची, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यायचा, निम्मी काडी वाळू-मातीत खोचायची आणि सावलीत ठेवायची. महिना-सव्वा महिन्यात मुळे धरतात. हे झाड बुडातून सारखे फुटत राहते आणि कमरेएवढे, छातीएवढे दाट होते. फूल गुलाबी, पाकळ्या सैल. पहाटे उमललेले फूल दुपारी वाऱ्याच्या एका झुळकीने गळून पडते. दिसायला फार देखणे नाही, पण वास असा की वृंदावनापाशी उभे राहिले तरी कळावा. त्याच्या पाकळ्या आणि खडीसाखर थरावर थर देऊन बरणी उन्हात ठेवली की गुलकंद होतो. तो रोज चमचाभर माझ्या घशाला लागतो, हा थोडा स्वार्थ मान्य करतो.

कलमी गुलाबाची तऱ्हा निराळी. त्याची फुले मोठी, रंग तऱ्हेतऱ्हेचे, आठवडाभर टिकणारी. पण स्वतःच्या मुळांवर तो सहसा तग धरत नाही. म्हणून रोपवाटिकेत आधी एका काटक रानगुलाबाची काडी रुजवतात. तो खुंट. थंडीत त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. याला डोळा भरणे म्हणतात. डोळा जगला, फुटला, की वरचा सगळा खुंट कापून टाकतात. ज्याच्या मुळांवर उभे राहायचे त्याचाच शेंडा उडवायचा, असा हा व्यवहार आहे. जोडाच्या ठिकाणी एक गाठ राहते. ती गाठ मातीच्या वर दिसली पाहिजे. हे मला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल आणि मी ऐकले नसेल.

पहिल्या वर्षी मी चार कलमे आणली. त्यातले एक गडद लाल होते. त्याची पहिली दोन फुले मी एकादशीला माउलींच्या पोथीवर वाहिली. पुढच्या वर्षी वारीला गेलो आणि चातुर्मास पंढरपूरलाच राहिलो. कार्तिकी करून घरी आलो तर त्या लाल गुलाबाच्या बुडातून एक नवा कोंब निघून माझ्या डोक्याच्या वर गेलेला. हिरवागार, अंगठ्याएवढा जाड, वाऱ्यावर डुलणारा. त्याच्या शेजारच्या जुन्या काड्या मात्र शेंड्याकडून काळ्या पडत आलेल्या. मला आनंद झाला. मी नसताना झाडाने केवढा जोर केला! त्या कोंबाला मी बांबूचा आधार दिला, बुडाशी दोन पाट्या शेणखत चढवले, आणि छाटणी करताना त्या मरतुकड्या काड्याच अधिक खाली कापल्या. म्हटले, अशक्त फांद्यांनी जोरकस फांदीचे अन्न का खावे?

माघ गेला, चैत्र गेला. कोंबाला आणखी चार फाटे फुटले. पाने बारीक आणि दाट. फूल एकही नाही. काळ्या पडलेल्या काड्या सरकत सरकत बुडापर्यंत वाळल्या. शेवटी रोपवाटिकेत आयुष्य काढलेले आमच्या गल्लीतले एक माळीबाबा दुधाला जाताना कुंपणाशी थांबले. त्यांनी बुडाचे खत काठीने बाजूला केले, गाठ दाखवली, आणि कोंब गाठीच्या बोटभर खालून निघाला होता तो दाखवला.

"महाराज, तुम्ही खुंट पोसला. गुलाब कधीच मेला."

एवढे बोलून ते दुधाला गेले. मी तिथेच बसलो. दीड वर्ष मी ज्याला पाणी घातले, आधार दिला, खत दिले, ते माझे झाड नव्हतेच. आणि जे होते ते माझ्याच हाताने मी कापले होते.

पुढे त्या माळीबाबांनी मला ओळखायची रीत शिकवली. लोक पाने मोजायला सांगतात: एका देठावर पाच पाने ती चांगल्या गुलाबाची, सात किंवा नऊ असली तर खुंटाची. ते बरेचदा जुळते, पण पाने मोजून फसगतही होते. काही चांगल्या गुलाबांनाही सात पाने येतात. खरी परीक्षा एकच. गुडघे टेकायचे, माती उकरायची आणि फूट गाठीच्या वरून निघाली की खालून, ते डोळ्यांनी पाहायचे. खालची असेल तर कात्रीने कापू नये, कारण राहिलेल्या बुंध्यातून पुन्हा दोन निघतात. कोवळी असतानाच हाताने धरून, खाली ओढून, मुळापाशी सोलून काढायची. बोटाएवढी असते तोवर हे काम क्षणाचे. अंगठ्याएवढी झाली की खुंटालाच जखम होते.

हे ऐकून माझी पत्नी म्हणाली, "अहो, पण तोही जीवच ना? त्याला फुटावंसं वाटलं म्हणून फुटला. तुम्ही कोण त्याला रानटी म्हणणारे?"

चार वर्षे मी आळंदीला, जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत काढली आहेत. पुढे पन्नास वर्षे कीर्तने केली. सर्वांभूती एकच नारायण, हे मी किती गावांत सांगितले त्याची गणती नाही. तरी या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. मला लाल फूल हवे आहे म्हणून हा कोंब वाईट, हे काही उत्तर नव्हे. ती माझी आवड झाली. कोंबाने कोणाला फसवले नव्हते. तो आपल्या मुळाशी इमानाने वागला. आणि मूळ तर मुळीच वाईट नव्हे. आमच्या काळ्या मातीत, आमच्या उन्हात त्या नाजूक लाल गुलाबाला कोणी जगवले असेल तर त्या रानमुळाने.

तेव्हा प्रश्न कोंब चांगला की वाईट हा नाही, असे मला पुष्कळ दिवसांनी वाटले. प्रश्न माझा आहे. मी डोळा भरलेले झाड घरी आणले, म्हणजे एक जबाबदारी घेतली. खुंट आपल्या बळाने सगळ्यांना उठवतो. त्या बळाने वरच्या डोळ्याला वाढवले तर गुलाब होतो, आणि तेच बळ आपल्यासाठी वेगळी वाट काढू लागले तर वरचा उपाशी मरतो. बळ तेच. मातीखाली बोटभर अंतराने सगळे बदलते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

मला लहानपणापासून माणसांना हसवता येते. पाटलाची चाल, मास्तरांचे खाकरणे, सावकाराचे नाकातले बोलणे, सगळे मी सहाव्या-सातव्या वर्षी करून दाखवीत असे. घरात परमार्थ नव्हता. तो डोळा माझ्या गुरूंनी भरला. गळ्यात माळ घातली, पाठांतर करून घेतले, निरूपण शिकवले. पण मुळात जे होते ते कुठे जाणार? सुरुवातीला त्याने साथच दिली. दुपारच्या कीर्तनाला लोक पेंगतात; एखादा विनोद केला की जागे होतात आणि जागेपणी अभंगाचा अर्थ ऐकतात. माझी कीर्तने लोकांना आवडू लागली. तारखा वाढल्या. बिदागी वाढली. तुकोबारायांनी कीर्तनकारावर घातलेले निर्बंध मला मुखोद्गत होते, आणि मी त्यांवर विनोदही करीत असे.

१९९४ च्या चैत्रातला एक सप्ताह. गाव सांगत नाही. मंडप भरलेला होता, आणि व्यासपीठावर ज्ञानेश्वरीला गावठी गुलाबांचा हार घातला होता. त्याचा वास अजून आठवतो. त्या दिवशी विषय वैराग्याचा. वासना कशी सुटत नाही याचा दृष्टांत देताना माझ्या तोंडून निघाले, की एखादीचा नवरा देवाघरी जातो, पण केसातला गुलाब काही खाली उतरत नाही. आणि मी वेणी सावरण्याची नक्कल केली. मंडप हसला. टाळकरी हसले. बायकांच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेल्या एका बाईचा हात सावकाश डोक्यामागे गेला. तिने केसातले फूल काढले, मुठीत धरले, मूठ पदराखाली घेतली. थोड्या वेळाने ती उठून गेली.

मी ते पाहिले. हे मला लिहायचे आहे की मी ते पाहिले. तरी थांबलो नाही, कारण हशा अजून ओसरला नव्हता आणि पुढचा विनोद जिभेवर आला होता.

रात्री जेवताना कोणी सहज सांगितले, की सात दिवस हाराची फुले त्या बाईच्याच परसातली येत होती. नवरा जाऊन बारा वर्षे झालेली, एकटी राहायची, रोज पहाटे टोपलीभर फुले आणून द्यायची. त्या दिवशीच्या पाकिटात नेहमीपेक्षा जास्त रक्कम होती. मी सकाळी निघून आलो. तिच्या दारापर्यंत शंभर पावले होती.

या गोष्टीचा मला लगेच पश्चात्ताप झाला असे सांगितले तर ते खोटे होईल. आधी मी कारणे शोधली. दृष्टांत सर्वसाधारण होता, कोणाला उद्देशून नव्हता, जुन्या कीर्तनकारांनीही असेच दाखले दिले आहेत. ही कारणे वर्षभर पुरली. मग पुरेनाशी झाली. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि कीर्तनातला विनोद पार टाकून दिला. दोन वर्षे नुसते शास्त्र सांगितले. लोक झोपू लागले. आमचे वयोवृद्ध मृदंगमणी एकदा गाडीत म्हणाले, "महाराज, आता तुमच्या कीर्तनात चूक काही नसते, पण तुम्हीही नसता." मला तेव्हा राग आला. आता वाटते, मी रागाच्या भरात खुंटच उपटू पाहत होतो. खुंट उपटल्यावर गुलाब कशावर उभा राहील?

त्यानंतरची कीर्तने मी एक सवय लावून घेऊन केली. जिभेवर वाक्य आले की क्षणभर पाहायचे, हे कुठून निघाले? अभंगाच्या चरणातून की समोरच्या माणसांच्या तोंडाकडे पाहून? क्षणभराने काय कळते, असे कोणी म्हणेल. पुष्कळ कळते. फक्त फूट कोवळी असतानाच कळते. दाद मिळू लागली की काही दिसत नाही. आणि इथे पाने मोजून भागत नाही. माळ, गंध, पाठांतर, आवाज, सगळे माझ्यापाशी त्या दिवशीही होते.

सावतोबांचे अरण आमच्यापासून दूर नाही. बसने तास लागतो. १२९५ साली त्यांनी तिथे समाधी घेतली, आपल्याच मळ्याच्या मातीत. ते पंढरीला गेले नाहीत आणि पंढरीनाथ अरणला आले, ही कथा वारकऱ्याला सांगायला नको. मी तिथे जातो तेव्हा मला वाटते, सावतोबा गावठी गुलाबासारखे होते. लहान तोंडी मोठा घास आहे, पण भाव समजून घ्यावा. मळा आणि भजन यांमध्ये त्यांच्यापाशी जोडाची गाठच नाही. खुरपे चालवले तरी तेच, नाम घेतले तरी तेच. गावठी गुलाबाला बुडातून, मातीखालून, कुठूनही फुटू द्या. येते ते गुलाबच. माझ्यासारखे आपण बहुतेक कलमी. कोणाचे मूळ व्यापाराचे, कोणाचे राजकारणाचे, कोणाचे नुसत्या तापट रक्ताचे; त्यावर कोणी दयाळूपणे एक डोळा भरला. आपल्याला दर पावसाळ्यानंतर गुडघे टेकून पाहावे लागते. माझ्या ओळखीचे एक वारकरी साठ वर्षे निर्मळ राहिले आणि पालखीतल्या मानासाठी सख्ख्या भावाशी कोर्टात गेले. कलमाला वयाची हमी नसते.

मात्र दृष्टांत एकदेशी असतो, हे विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. झाडाच्या गोष्टीवरून माझा न्याय करून घ्यायला मी तयार नाही, कारण ती मला फार सोयीची आहे. कोंबाला ठाऊक नसते तो कुठून निघाला. मला ठाऊक होते. आणि त्या बाईंचे काय? मी सुधारलो, सावध झालो, माझी पुढची कीर्तने बरी झाली, हे सगळे माझ्या खात्यात जमा झाले. त्यांच्या खात्यात काय? त्या काही माझा दृष्टांत होण्यासाठी जन्माला आल्या नव्हत्या. त्यांना एक फूल आवडत होते, एवढेच. मी ज्या परंपरेचे खातो तिथे जनाबाई आहेत, कान्होपात्रा आहेत, आणि मी त्याच परंपरेच्या व्यासपीठावरून एका बाईच्या केसातले फूल उतरवले.

घसा गेल्यावर मी त्या गावी गेलो. चोवीस वर्षांनी. बाई वारल्याला बराच काळ झाला होता. घरात पुतण्याची सून होती. तिने मला ओळखले नाही; वारकरी म्हातारा पाहून चहा दिला. परसात झुडूप होते. कोणी निगा केलेली नव्हती, काळ्या ठिपक्यांनी निम्मी पाने पिवळी पडलेली, आत वाळक्या काड्यांचे जाळे, तरी टोकाला तीन फुले. मी म्हटले, "मुली, चार काड्या नेऊ का?" ती म्हणाली, "न्या की बाबा. आत्याबाई असत्या तर त्यांनी तुम्हाला अख्खं झाड दिलं असतं."

मी कोण, हे तिला सांगितले नाही. सांगायचे ठरवून गेलो होतो. तिच्यावर कशाला ओझे, असे तेव्हा मनात आले. आता विचार करतो की ही फूट गाठीच्या वरची होती की खालची, आणि मला खात्रीने सांगता येत नाही.

अंगणातले सात गावठी गुलाब हे त्या चार काड्यांचे. हा थाट कशासाठी, ते आता कळले असेल.

हे लिहीत असता आश्विन सुरू झाला आहे. पाऊस हटला की छाटणी. कलमी गुलाब गुडघ्याएवढा राखतो. गावठीला इतके खाली घ्यायचे नसते. वाळलेले, आत वळलेले, एकमेकांवर घासणारे तेवढे काढतो आणि उरलेल्याचा तिसरा हिस्सा उतरवतो. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. कापावर मोरचूद आणि चुन्याची पेस्ट. गळालेली ठिपक्यांची पाने वेचून जाळतो, ती बुडाशी राहिली तर रोग पुढच्या पावसात परत येतो. छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत कलमी झुडपे फुलांनी भरतात, म्हणजे कार्तिकीच्या पुढेमागे.

कोणाला गावठी गुलाबाच्या काड्या हव्या असतील तर पावसाळ्यात यावे. मी देतो. मात्र काडी नेणाऱ्याला हे झाड कोणाचे आणि माझ्याकडे कसे आले, ते आधी सांगतो. आजवर वीस-बावीस जणांना सांगितले. बहुतेक जण ऐकून घेतात, काडी ओल्या फडक्यात गुंडाळतात आणि जातात. गेल्या श्रावणात एक बाई आल्या होत्या, कपाळ मोकळे असलेल्या. त्यांनी सगळे ऐकले, काडी पायरीवर ठेवली आणि काही न बोलता निघून गेल्या. ती काडी मी कुंडीत लावली आहे. मुळे धरली आहेत. त्या पुन्हा आल्या तर त्यांची म्हणून वेगळी ठेवली आहे.